गियर आपोआप पडणारी सायकल घरी कशी बांधायची

पुण्यात पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे सायकल काढली की चढ लागायच्या आधी दोन गियर हलके करून घ्यायचे असतात. मी ते हमखास विसरतो. मग ऐन चढावर, सगळा भार पॅडलवर असताना शिफ्टर दाबायचा आणि मागून चेनचा कडाड आवाज ऐकत दात-ओठ खायचे. या छळाला कंटाळून मी एका जुन्या सायकलवर मोटर, सेन्सर आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) बसवला. त्यात एक सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर फिरून थांबणारी मोटर) जळाला, दोन केबली वाया गेल्या. आता ती सायकल रोज चालते. सोल्डरिंग जेमतेम येतं आणि पाना हातात धरायची भीती वाटत नाही, अशा कुणालाही हे जमेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे वेळेचा अंदाज चुकणार नाही. मोटरीने केबल ओढणं हे दोन रविवारचं काम आहे. गियर केव्हा टाकायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे केव्हा टाकायचा नाही, हे यंत्राला समजावण्यात माझे तीन महिने गेले.

सायकल कोणती

आपल्याकडे ‘२१ गियरची’ म्हणून मिळते ती सायकल घ्या: पुढे तीन चेनव्हील, मागे सात चकत्यांचं फ्रीव्हील (चकती मोठी तितका गियर हलका). स्वयंचलित फक्त मागचं करायचं. पुढचा डिरेलर (चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) काढून ठेवा आणि चेन कायमची मधल्या चेनव्हीलवर सोडा. पुढचं-मागचं दोन्ही एकदम करायला गेलात तर चूक कुठे आहे हेच कळणार नाही.

मागे सातच चकत्या हव्यात, याला कारण आहे. सातच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर ५ मिमी असतं, नऊच्या कॅसेटमध्ये ४.३५ मिमी. जितकं अंतर जास्त तितक्या आपल्या हातच्या चुका खपून जातात. महागड्या अकरा गियरच्या सायकलवर पहिला प्रयोग करू नका.

तुमच्याकडे चाकाच्या हबमध्येच गियर असलेली सायकल असेल, उदाहरणार्थ शिमानो नेक्ससचं तीन गियरचं हब, तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. हब गियर सायकल थांबलेली असतानाही बदलतो, डिरेलर बदलत नाही. काही कंपन्यांनीही हबचा रस्ता धरला. शिमानोची २००७ मधली ‘कोस्टिंग’ ही स्वयंचलित प्रणाली तीन गियरच्या हबवरच होती. डिरेलरवर वीज आली ती शर्यतीच्या सायकलींतून. फ्रान्सच्या माविकने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयत्न केला, आणि २००९ मध्ये शिमानोचं ड्युरा-एस डीआय२ आल्यावर ती गोष्ट रुळली. पण त्यात बटण दाबायचं काम स्वाराचंच होतं. आपल्याला ते बटणही काढायचंय.

आधी सायकल नीट करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि नंतर प्रोग्रॅमला शिव्या देतात. हाताच्या शिफ्टरवर सातही गियर स्वच्छ पडत नसतील तर मोटरीवर कधीच पडणार नाहीत.

सायकल स्टँडवर घ्या. मागून बघा: डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर वाकलेला नाही ना? सायकल उजव्या अंगावर एकदा पडली असेल तर तो वाकलेला असण्याचीच शक्यता जास्त. मग डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू. ‘एच’ लिहिलेला सगळ्यात लहान चकतीपलीकडे जाण्यापासून अडवतो, ‘एल’ लिहिलेला सगळ्यात मोठ्या चकतीपलीकडे. एल ढिला राहिला तर डिरेलर चाकाच्या तारांमध्ये शिरतो आणि त्या दिवशी तुम्ही रिक्षाने घरी येता. हाताने केबल ओढून तपासा. कितीही जोर लावला तरी चेन मोठ्या चकतीवरून आत उतरता कामा नये.

केबलचं आउटर, म्हणजे तिच्यावरची बाहेरची नळी, तीही बघून घ्या. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ब्रेकचं आउटर ताणाखाली थोडं दबतं. ब्रेकला ते चालतं, गियरला नाही. माझ्या सायकलला एका दुकानात गियरसाठी ब्रेकचंच आउटर घालून दिलेलं होतं, आणि मी आठवडाभर सर्व्होला दोष देत होतो. टोकाला कापून बघितलं की लगेच कळतं.

दोन मोजमापं

पहिलं: एका गियरला केबल किती सरकते? उघड्या केबलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शिफ्टरचा एकेक खटका देत व्हर्नियर कॅलिपरने मोजा. शिमानोच्या सात गियरला ते साधारण २.९ मिमी येतं. सहा खटके म्हणजे एकूण १७.४ मिमी. केबलच्या या सरकण्याला डिरेलर साधारण १.७ पट करतो, म्हणून २.९ ची ५ मिमी हालचाल होते. तुमचा आकडा थोडा वेगळा आला तर तुमचाच खरा माना.

दुसरं: केबल ओढायला जोर किती लागतो? प्रवासाची बॅग तोलायचा हुकचा काटा केबलच्या टोकाला अडकवा, दुसऱ्या हाताने पॅडल फिरवत हळूहळू ओढा. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढेल तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. माझ्याकडे तो सात किलोच्या आसपास आला. सायकल दुरुस्त करणारे काका हे सगळं बघत होते. म्हणाले, “अहो, सात किलो ओढायला देवानं अंगठा दिलाय की!” बरोबरच आहे, पण अंगठ्याला आठवण राहत नाही.

सर्व्हो आणि पुली

आता थोडं गणित. सर्व्होच्या आसावर एक खाच असलेली पुली बसवायची आणि केबल तिच्यावर गुंडाळायची. पुलीची त्रिज्या, केबलच्या मध्यापर्यंत मोजलेली, १२ मिमी धरू. १७.४ भागिले १२ म्हणजे १.४५ रेडियन, साधारण ८३ अंश. एका गियरला जेमतेम १४ अंश. १८० अंश फिरणाऱ्या सर्व्होत हे आरामात बसतं, दोन्ही टोकांना जागाही उरते.

जोर: ७ किलो गुणिले १.२ सेंटिमीटर म्हणजे ८.४ किलो-सेमी. इथे मी घसरलो. ११ किलो-सेमीचा सर्व्हो स्वस्तात मिळाला, ११ हे ८.४ पेक्षा जास्त, म्हणून घेतला. पण सर्व्होवर छापलेला आकडा तो अडून बसतो तेव्हाचा असतो, सतत पेलण्याचा नव्हे. डिरेलरची स्प्रिंग केबलला सारखी मागे खेचत असते, त्यामुळे मोठ्या चकतीवर असताना सर्व्हो जागच्या जागी झुंजत राहतो. तो सर्व्हो दुसऱ्याच दिवशी लांबच्या चढावर तापला, आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास नाकात गेला तेव्हा मी सायकलवरून उतरलो. किमान २० किलो-सेमीचा, धातूच्या गियरचा सर्व्हो घ्या. छापील आकड्याच्या निम्म्याखाली काम राहिलं की तो टिकतो.

ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी वर्म गियरची मोटर बघावी. वर्म उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज बंद झाली तरी केबल जागेवर राहते आणि पकडून ठेवायला बॅटरी खर्च होत नाही. पण तिला जागा ओळखण्यासाठी वेगळं पोटेन्शियोमीटर लावावं लागतं आणि प्रोग्रॅमही लांबतो. पहिल्या खेपेला सर्व्होच बरा.

बसवताना एक तत्त्व सांभाळा: आउटर ज्या ठोकळ्यावर टेकतं तो ठोकळा आणि सर्व्हो एकाच पट्टीवर घट्ट असले पाहिजेत. नाहीतर मोटर केबल ओढण्याऐवजी स्वतःच पुढे सरकते. मी ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, एका टोकाला काटकोनात वाकवली, त्यात भोक पाडून जुन्या शिफ्टरचा फिरता ॲडजस्टर बसवला. दुसऱ्या बाजूला सर्व्हो चार स्क्रूंवर. ही पट्टी सीटखालच्या उभ्या पाइपला, बाटलीच्या स्टँडच्या जागी, पाइप क्लॅम्पने आवळली. मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घातला म्हणजे रंग खरवडत नाही आणि क्लॅम्प घसरतही नाही. केबलचं टोक पुलीवर दाबून धरायला डिरेलरवर असतो तसा बोल्ट आणि वॉशर वापरा. नुसती गाठ मारून चालणार नाही.

वीज

दोन १८६५० सेल एकापुढे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात, पूर्ण चार्ज असताना ८.४. सेलबरोबर संरक्षण सर्किट हवंच. त्यातून एक बक कनव्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) सर्व्होसाठी ६ व्होल्टवर लावा, तो ५ अँपिअर झेपणारा असू द्या. दुसरा छोटा ५ व्होल्टचा, फक्त आर्डुइनो नॅनो आणि सेन्सरसाठी.

दोन वेगळे कशाला? मी एकच लावला होता. सर्व्हो झटक्यात फिरायला लागला की दोन-तीन अँपिअर ओढतो, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि नॅनो रीसेट होतो. रीसेट झालेला नॅनो समजतो आपण पहिल्या गियरवर आहोत, म्हणून सर्व्होला तिकडे पाठवतो, त्या झटक्याने पुन्हा रीसेट. एरंडवण्यात भर सिग्नलला माझी सायकल अंगात आल्यासारखी कडकडत होती आणि शेजारचा स्कूटरवाला ‘काय झालं?’ म्हणून वाकून बघत होता. तेव्हा दोन कनव्हर्टर, सर्व्होच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि सगळ्यांची ऋण वायर एकत्र. ऋण वायर एकत्र नसेल तर सर्व्होला सिग्नल कळत नाही आणि तो नुसता थरथरतो.

मोठ्या चकतीवर पकडून ठेवताना माझा सर्व्हो साधारण अर्धा अँपिअर घेतो, लहान चकतीवर जवळजवळ काहीच नाही. २६०० मिलिअँपिअर-तासाचे सेल मला चार-पाच तासांची सायकलस्वारी देतात. हे सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. सर्व्होसकट माझा खर्च तीन हजारांच्या आत राहिला. सायकल आणि जळालेला सर्व्हो धरलेला नाही.

आधी बटणावर चालवा

सेन्सरला इतक्यात हात लावू नका. हँडलवर दोन बटणं बसवा, एक हलक्याला आणि एक जडला, आणि निदान आठवडाभर सायकल तशीच चालवा.

सर्व्होची जागा मायक्रोसेकंदांत द्या, अंशांत नको. १८० अंशांना ५०० ते २५०० मायक्रोसेकंद असा सर्व्हो असेल तर एक अंश म्हणजे सुमारे ११, आणि आपला एक गियर म्हणजे १५० च्या आसपास. पण सातही गियर समान अंतरावर आहेत असं गृहीत धरू नका. प्रोग्रॅममध्ये सात आकड्यांची यादी ठेवा आणि प्रत्येक आकडा स्टँडवर पॅडल फिरवत कानाने लावा. चेन शेजारच्या चकतीला घासत असेल तर किर्र आवाज येतो. पाच-पाच मायक्रोसेकंदांनी सरकवत तो आवाज बंद करा. पहिला आणि सातवा आकडा एच आणि एल स्क्रूंच्या किंचित आत असू द्या. सर्व्हो स्क्रूवर आदळून अडला की तो जळेल किंवा केबल तुटेल. माझ्या दोन्ही केबली अशाच गेल्या.

हे करताना दुसऱ्या कुणाला पॅडल फिरवायला सांगा आणि तुमची बोटं चेनपासून लांब ठेवा. सर्व्होला बोट आणि चेन यांतला फरक कळत नाही.

आता एक युक्ती. पूर्वी खटके नसलेले शिफ्टर असत. त्यावर जुने सायकलवाले मोठ्या चकतीवर चढताना लिव्हर जराशी जास्त ओढून मग मागे सोडत. तेच इथे करा. हलक्या गियरकडे जाताना ठरलेल्या जागेपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त ओढा, पाव सेकंद थांबा, मग मूळ आकड्यावर या. चेन चटकन चढते. शिवाय सर्व्होच्या गियरमधला ढिलेपणाही यात झाकला जातो, कारण हलक्याकडे जा किंवा जडकडे, शेवटची हालचाल नेहमी केबल सैल सोडण्याच्या दिशेनेच होते. फक्त सगळ्यात मोठ्या चकतीवर जाताना हे जादा ओढणं बंद ठेवा. तिथे पलीकडे चाकाच्या तारा आहेत.

सेन्सर

चाकासाठी ए३१४४ हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारा सेन्सर, पुरतो. मागच्या चाकाच्या तारेवर छोटं निओडिमियम चुंबक, चेनस्टेवर (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या पाइपवर) सेन्सर, मध्ये तीन-चार मिलिमीटर फट. सिग्नल आणि ५ व्होल्टमध्ये १० किलोओहमचा रोध. काहीच कळत नसेल तर चुंबक उलटं करून बघा, हा सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो. चाकाचा घेर २६ इंची, १.९५ च्या टायरला साधारण २.०५ मीटर. टायरवर खडूची खूण करून जमिनीवर एक फेरी चालवा आणि टेपने मोजा, तेच जास्त खरं. दोन सिग्नल १०० मिलिसेकंदांच्या आत आले तर दुसरा फेकून द्या. तसं खरंच घडायचं तर सायकल ताशी ७० किलोमीटरच्या वर असायला हवी.

पॅडलसाठी मात्र क्रँकवर एक चुंबक लावून भागत नाही. मिनिटाला साठ फेऱ्यांना एका सेकंदात एकच खबर येते, आणि चढावर एक सेकंद फार असतो. इलेक्ट्रिक सायकलच्या किटमध्ये पॅडल असिस्ट सेन्सर येतो, तो सुटाही मिळतो: १२ चुंबकांची चकती, शेजारी सेन्सर, तीन वायरी. क्रँक न काढता दोन अर्ध्या तुकड्यांत बसणारी चकतीही मिळते, ती घेतलीत तर क्रँक पुलरची गरज नाही.

वेग काढताना लागोपाठच्या दोन चुंबकांमधला वेळ घेऊ नका, सहा चुंबकांचा घ्या, म्हणजे बरोबर अर्धी फेरी. आपण पॅडल एकसारखं मारत नाही. पाय वर-खाली उभे असतात तेव्हा जोर कमी पडतो आणि हे दर अर्ध्या फेरीला घडतं. अर्धी फेरी मोजली की हा चढ-उतार आपोआप निघून जातो. मला हे कळायच्या आधी आकडे ५० ते ७५ असे नाचत होते आणि गियरही त्यांच्याबरोबर नाचत होता.

निर्णय

माझं मधलं चेनव्हील ३८ दात्यांचं. मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८. आरामात चालवताना माझ्या पायांच्या मिनिटाला ६५ फेऱ्या होतात. ३८ ला मागच्या दात्यांनी भागा आणि आलेल्या आकड्याला ८ ने गुणा, म्हणजे त्या गियरचा ताशी वेग मिळतो (६५ फेऱ्या, २.०५ मीटर घेर आणि ६० मिनिटं यांचा गुणाकार साधारण ८ किलोमीटर येतो). २८ वर जवळजवळ ११, २० वर १५, १४ वर पावणेबावीस. शहरातल्या सायकलीला एवढं भरपूर.

नवशिके पहिला नियम असा लिहितात: ६५ च्या वर गेलं की जड, खाली आलं की हलका. चालवून बघा, शंभर मीटरात वेड लागेल. गियर पडला की पायांचा वेग बदलतो, तो बदलला की गियर पुन्हा उलटा पडतो. मध्ये मोकळी पट्टी सोडावी लागते. मी ७५ च्या वर जड आणि ५५ च्या खाली हलका असं ठेवलं. २८ वरून २४ वर ७५ ला गेलो की पाय ६४ वर येतात. २४ वरून २८ वर ५५ ला आलो तरी ६४. दोन्ही वेळा पट्टीच्या मधोमध. शिवाय दोन बदलांमध्ये किमान दीड सेकंद.

तुमचं फ्रीव्हील १४-३४ चं असेल तर सावध. त्यात बऱ्याचदा २४ नंतर एकदम ३४ असते. ५५ ला ३४ वर उतरलात तर पाय ७८ वर जातात, म्हणजे यंत्र लगेच परत २४ वर, तिथे ५५ च्या खाली, पुन्हा ३४. त्या एका जोडीला वेगळे आकडे द्या: खाली यायला ५०, वर जायला ८५.

पुढचे नियम चुका करून सापडले.

पॅडल फिरत नसेल तर गियर हलवायचा नाही. सायकल नुसती घरंगळत असताना चेन थांबलेली असते. तेव्हा सर्व्हो फिरला तर चेन नुसती बाजूला ताणली जाते आणि पुढच्या पॅडलला तीन चकत्या एकदम चढायला बघते. त्या वेळी फक्त हवा तो गियर मनात धरून ठेवायचा, आणि पॅडल सुरू झालं की अर्ध्या-अर्ध्या फेरीला एकेक करून तिथे जायचं.

यामुळे सिग्नलची अडचण उभी राहते. जोरात आलात, ब्रेक मारला, पाय थांबवले, तर सायकल जड गियरवरच उभी राहते आणि हिरवा लागल्यावर निघताना गुडघे बोलतात. यावर शुद्ध स्वयंचलित उपाय आपल्या साध्या डिरेलरवर नाही. मी इलेक्ट्रिक सायकलचे स्विचवाले ब्रेक लिव्हर लावले. ब्रेकला हात लागला आणि वेग १२ च्या वर असला की बझर वाजतो. तो ऐकून मी थांबता थांबता तीन-चार हलकी पॅडलं मारतो, तेवढ्यात यंत्र दोन-तीन गियर उतरवून घेतं. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, मग पायांना सवय लागते.

चढ ओळखायचा तो वेगावरून. ब्रेक दाबलेला नाही, पॅडल चालू आहे आणि दोन सेकंदांत वेग ताशी २ किलोमीटरने पडला, तर ५५ ची वाट न बघता ६२ लाच हलका करायचा. चेनवर पूर्ण भार येण्याआधी बदल झाला तर कडाड होत नाही. बदलाच्या पाव सेकंद आधी बारीक ‘टिक्’ वाजवा, पाय आपोआप किंचित सैल पडतो.

आणि पडताळा. चाकाच्या फेऱ्या आणि पॅडलच्या फेऱ्या दोन्ही हाताशी आहेत, तर भागाकार करून बघा चेन खरंच कुठे आहे. २४ वर एका पॅडल-फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाते, २८ वर २.७८. शेजारच्या गियरांत ९ ते १७ टक्के फरक असतो, त्यामुळे तीन-चार चाक-फेऱ्यांची सरासरी घेतली की ओळख पटते. यंत्र म्हणतं २४ आणि भागाकार म्हणतो २२, तर चेन चढलेलीच नाही, पुन्हा थोडं जास्त ओढून बघायचं. भागाकार कुठल्याच गियरपेक्षा मोठा आला तर तुम्ही उतारावर आहात आणि पाय नुसतेच फिरताहेत.

शेवटचा गियर नॅनोच्या ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) लिहून ठेवा, म्हणजे चालू करताच सर्व्हो भलतीकडे उडी मारत नाही. त्या स्मृतीचा एकेक खण एक लाख वेळा लिहिण्याइतका टिकतो. दिवसाला दोनशे बदल धरले तर एकाच खणात दीड वर्षही निघत नाही, म्हणून खण बदलत लिहा.

माझ्या ताईने सायकल चालवून बघितली आणि पाच मिनिटांत परत आणून दिली: “हे सारखं मला पळवतंय.” तिचे पाय ५५ ला खूश असतात, माझे ६५ ला. तेव्हापासून हँडलवर एक फिरवायची कळ आहे, तिने मधला आकडा ५० ते ८० मध्ये सरकतो. पट्टी त्याच्या दोन्ही बाजूंना १०-१०. आणि ती दोन बटणंही काढलेली नाहीत. बटण दाबलं की यंत्र २० सेकंद गप्प बसतं. पुढचा चढ मला दिसतो, त्याला दिसत नाही.

पावसाळा

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा जंक्शन बॉक्स घ्या, वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून) आत न्या. प्रत्येक वायरीला बॉक्सच्या आधी खाली झोल द्या, पाणी तिथून गळून जातं. सर्व्होवर जुन्या ट्यूबचा मोजा चढवा. सेन्सरचे डाग दिलेले सांधे हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीत) आणि वर ग्लू गनचा थर. मागचा मडगार्ड हवाच, चाकाचं चिखलपाणी नेमकं सर्व्होवर उडतं.

पहिल्या फेऱ्या रहदारीबाहेर, सकाळी सहाच्या रिकाम्या रस्त्यावर करा. मुख्य स्विच चालवता चालवता हाताला लागेल असा ठेवा आणि खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर असू द्या. बॅटरी संपली की सर्व्हो सैल पडतो आणि स्प्रिंग चेनला सगळ्यात लहान, म्हणजे सगळ्यात जड चकतीवर नेऊन ठेवते. अशा वेळी पॅडल फिरवत एच स्क्रू आत आवळत जा. डिरेलर आतल्या बाजूला ढकलला जातो आणि चेन एखाद-दुसऱ्या मोठ्या चकतीवर स्थिर बसते. तेवढ्यावर घर गाठता येतं.